मांडुळाची वाळू

माझा धाकटा भाऊ अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होता. तिथेच ज्येष्ठात तो विषमज्वराने गेला. मी अकोल्याहून पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. तेरावा झाल्यावर त्याचं सामान आणायला मी पुन्हा एकदा गेलो. एक ट्रंक होती, एक वळकटी होती, आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात घासलेटच्या डब्यांचं एक लाकडी खोकं होतं. खोक्यावर तारेची जाळी बसवली होती आणि आत मांडूळ होतं.

मांडूळ हा जाडसर, आखूड, मातकट रंगाचा साप. त्याची शेपूट तोंडासारखीच बोथट, म्हणून आमच्याकडे त्याला दुतोंड्या म्हणतात. विष नाही, सहसा चावत नाही, दिवसभर जमिनीत पुरून राहायचं एवढंच त्याला ठाऊक. भावाने ते आदल्या वर्षापासून पाळलं होतं. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला गेला तेव्हा वर्धेच्या पात्रातली वाळू त्याने पोत्यात भरून आणली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतरचं त्याचं हे वेड ऐकून मी हसलो होतो, तेव्हा तो म्हणाला होता, “दादा, हे खातं काय, ते सारेच इचारतात. ते राहतं कशात, ते कोनीच इचारत नाई.”

ती वाळू आता खोक्यात नव्हती. उचलायला जड होईल म्हणून वसतिगृहाच्या गड्याने ती अंगणात ओतून दिली होती. पहिल्या पावसात ती अंगणाच्या चिखलात मिसळून गेली होती. मांडूळ नुसत्या फळ्यांवर, एका जुन्या वर्तमानपत्राखाली डोकं खुपसून पडलं होतं. गड्याचा हेतू चांगला होता. भावाचं एक धोतर खोक्यावर पांघरलं आणि बडनेऱ्याला गाडी बदलून ते अकोल्याला आणलं.

आम्ही जातीचे माळी. मोर्णेच्या काठी आमचा मळा होता, आणि मी शाळेत मास्तर असलो तरी आईचा सगळा जीव त्या मळ्यातच होता. भाऊ गेल्याचं तिला मीच सांगितलं होतं. ती वांग्यांच्या वाफ्यात बसली होती. मी “गेला” एवढंच म्हणालो. ती उठली नाही, हातातलं खुरपं तेवढं खाली ठेवलं. तेव्हापासून ती फार कमी बोलत असे. खोकं घरात आणलं तेव्हा मात्र तिने वाकून जाळीतून पाहिलं आणि विचारलं, “हे जितं हाय ना?” मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून मला एकच भीती लागून राहिली. हेही मेलं, तर तो शब्द आईपुढे मला पुन्हा उच्चारावा लागेल. तो माझ्या तोंडून निघणार नव्हता.

शाळेच्या ग्रंथसंग्रहात सापांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. ते मी घरी आणून पानन् पान वाचलं. मांडुळाच्या अंगावर खवल्यांच्या किती ओळी असतात, शेपटीखाली किती खवले असतात, सारं त्यात होतं. त्याला खाली काय अंथरावं हे कुठेच नव्हतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी साप मेलेले, दारूच्या बरणीत बुडवून ठेवलेलेच पाहिले असावेत.

मग मी जे सुचेल ते करत गेलो. जिनिंगमधून कापसाचा टाकाऊ पुंजका आणला. मऊ असेल, उबेला बरा, असं वाटलं. मांडूळ त्यात शिरलं आणि त्याच्या तोंडात तंतू अडकले. ते मी ओल्या बोटाने एकेक करून काढले. त्यानंतर सुताराकडचा भुसा आणला. तो इतका बारीक होता की त्याच्या नाकपुड्या भरल्या आणि ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं. ते उघडं तोंड पाहून मला वसतिगृहातली खाट आठवली, जिच्यावर तापात पडलेल्या भावाला मी पाहिलंही नव्हतं. मी भुसा घाईघाईने काढून टाकला.

शेवटी आईने माती दिली. तिने स्वतः ओच्यात भरून आणली. मळ्यातली काळी, शेणखत मुरलेली, मुठीत दाबली तर गोळा होईल अशी ओलसर. माळ्याच्या घरात याहून चांगली वस्तू नाही. रोप असो, वेल असो, जगवायचं असेल तर हीच माती. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. मांडूळ मातीत गेलं आणि मला बरेच दिवसांनी झोप लागली.

पण ती माती आषाढाच्या दमट हवेत वाळेना. खतामुळे आतून गरम राहिली. आठवड्याभराने मांडूळ वर येऊन पडलं. मी त्याला उलटं करून पाहिलं, तर पोटाखालच्या खवल्यांवर तांबूस चट्टे उठले होते आणि दोन ठिकाणी पाणी सुटलं होतं. उंदराचं पिल्लू समोर ठेवलं, ते त्याने हुंगलंही नाही. आता कोरडी वाळू हवी होती. मोर्णेला गढूळ पाणी चढलं होतं. वर्धेला तर पूर असणार. वऱ्हाडातली सगळी वाळू त्या दिवसांत पाण्याखाली होती. मी अंगणातला मुरूम ताटात घेऊन चुलीवर वाळवून पाहिला, त्याचे खडे टोचण्याइतके धारदार होते.

अशात नागपंचमी आली. वर्ष सरेपर्यंत आमच्या घरी सण नव्हता. म्हणून शेजारच्या दोघी-तिघी बायका आईच्या कळवळ्याने सकाळी आपणच आल्या, तांब्यात दूध आणि परडीत लाह्या घेऊन. मी मागच्या दारी होतो. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मांडूळ काही नाग नाही, त्याची पूजा चालते का, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, “नाग नसन त नागाचा मेव्हना असन. सनाच्या दिवशी मेव्हन्याले काय उपाशी ठेवतेत?” आईसुद्धा किंचित हसली असावी, कारण ‘हासली वं माय,’ असं कोणीतरी हळूच म्हणालं.

मी आत आलो तोवर तांब्या रिकामा झाला होता. दूध जाळीतून सरळ खोक्यात गेलं होतं. मातीचा पांढुरका राडा झाला होता, त्यावर हळदकुंकू आणि लाह्या चिकटल्या होत्या, आणि मधोमध मांडूळ होतं, जखमांसकट भिजलेलं. साप दूध पीत नाही हे त्या माउल्यांना कोण सांगणार? त्यांनी मला लाह्यांचा प्रसाद दिला. मी तो घेतला.

बायका गेल्यावर मी मांडूळ धुऊन, पुसून भावाच्या धोतरात गुंडाळलं. ते हातात दोरासारखं लोंबत होतं. मला काही सुचेना. दुसरी माती खणून आणावी म्हटलं तर सगळीकडे चिखल, आणि त्या दिवशी जमिनीला खुरपं लावू देणारं एकही घर आमच्या वस्तीत नव्हतं. पंचमीला खणलं तर खाली नागाला लागतं. मी उंबऱ्यावर बसून मूठभर लाह्या नुसत्याच तोंडात टाकल्या, आणि दाताखाली कचकन खडा आला.

खडा नव्हता, वाळू होती. मी ती बोटावर घेऊन पाहिली. बारीक, गोल, कोरडी.

लाह्या वाळूत फुटतात. भर पावसाळ्यात भडभुंज्याच्या कढईत तापून तापून कोरडी झालेली, चाळलेली वाळू असते. आणि पंचमीला कोणी चुलीवर तवा ठेवत नाही, म्हणजे त्याची भट्टीही आज थंड असणार.

मी घमेलं घेऊन तसाच गेलो. भडभुंजा आदल्या दिवशीच्या कामाने थकून ओट्यावर आडवा झाला होता. मी वाळू मागितली तेव्हा त्याला ती थट्टा वाटली. “काहून मास्तर, फुटाने परवडत नाईत म्हनून आता वाळूच खाता का?”

मी सांगायला लागलो. भाऊ कोण, मांडूळ कोणाचं, चट्टे कुठे, सगळं एकात एक मिसळत गेलं. तो उठून बसला. वाळू द्यायला तो नाखूशच होता. नदी उतरेपर्यंत नवी मिळणार नाही, अर्ध्या कढईत भाजायचं म्हणजे धंदा अर्धा, हे त्याने दोनदा सांगितलं. मग आत बायकोकडे पाहून, तिच्यावर, माझ्यावर की सणावर कोण जाणे, चिडून म्हणाला, “पंचमीच्या दिवशी नागाले नाई म्हनाले लावता मले. न्या, मास्तर. घमेलंभरच न्या.”

वाळू धुराने काळवंडली होती, तिला भाजल्या ज्वारीचा वास होता, आणि एखाददुसरी लाही तिच्यात राहून गेली होती. मी खोकं घासून, पुसून कोरडं केलं आणि ती ओतली. हातभर जनावराला पुरेल इतकी खोल झाली. मांडूळ वर ठेवलं. बराच वेळ ते हललं नाही. आई माझ्या मागे येऊन उभी होती. मग त्याने तोंड तिरपं करून वाळूत घातलं आणि हळूहळू, जोर नसल्यासारखं, आत गेलं. वाळू त्याच्यावर मिटली.

दुपार झाली, दिवस कलला. वाळू तशीच सपाट. आत ते जखमा घेऊन निवांत पडलं आहे की संपलं आहे, कळायला मार्ग नव्हता. मी जाळी उचलली आणि बोटं वाळूला लावली.

“राहू दे,” आई म्हणाली. “आज पंचमी हाय, बापू. आज उकरत नसतेत.”

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी मी हात मागे घेतला. वाळूखाली काय निघेल ते पाहायची तिची तयारी नव्हती, आणि माझीही नव्हती. आम्ही दोघं खोक्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो. दिवा लावायची वेळ झाली तरी कोणी उठलं नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा आई आधीच तिथे होती. तिने मला हाक मारली नाही, नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात वाळू थोडी उचलली गेली होती आणि तिच्यातून एक बोथट, मातकट टोक बाहेर आलं होतं. डोकं होतं की शेपूट, मला ओळखता आलं नाही. भावाला आलं असतं. तेवढ्यात ते टोक हललं.

आई खाली वाकली आणि त्याच्यावर पडलेली एक लाही तिने अलगद उचलून घेतली.