बेळगावचे चार बार

देवाला निघालेली, हार घातलेली खासगी बस रस्त्याने जाताना दिसली की ती घटना मला अजून आठवते आणि अजून हसू येते. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडचे पाणी पळाले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा साताऱ्यातल्या मेढ्याकडचा, पण तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. सीमेच्या प्रश्नावरून वातावरण तापलेले होते. बेळगावकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर नजर ठेवा, असा वरून हुकूम होता. आमचा एक खबऱ्या एस.टी. स्टँडसमोर पानपट्टी चालवायचा. माणूस भरवशाचा, पण अर्धे ऐकून पुरते सांगायची खोड. सकाळी सकाळी तो ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, शनवारी बेळगावात चार बार हायेत. पयला छावणीपाशी, शेवटचा स्टेशनाजवळ. बस ठरलीया. घरी यल्लम्माला जातो म्हून सांगायचं ठरलंय."

आमच्या मेढ्याकडे बार म्हणजे बंदुकीचा किंवा सुरुंगाचा. बार काढला, बार उडाला, असेच आम्ही बोलतो. छावणीपाशी बार म्हटल्यावर मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"म्होरक्या कोण?"

"मळ्यातला फौजी."

हा फौजी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. नोकरीची बरीच वर्षे बेळगावच्या छावणीत गेलेली. घरी उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक. भरीत भर म्हणजे त्याच्या थोरल्या मुलाची लष्करात निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद सहीसाठी माझ्याच टेबलावर होता. बापावर असला गुन्हा दाखल झाला असता तर पोराची नोकरी तिथेच संपली असती.

मी सांगलीला फोन करून साहेबांना खबर दिली. त्यांनी नाकाबंदीची तयारी सुरू केली. मी जमादाराला पाठवून फौजीला ठाण्यात आणले. मागोमाग त्याची बायको आली, पिशवीत खण-नारळ घेऊन. "आवं सायेब, ह्यास्नी का आणलंय? शनवारी देवीची ओटी भरायला जायाचं हाय त्यास्नी," म्हणाली. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवले.

चौकशी सुरू झाली. फौजी ताठ उभा.

"बेळगावला कशाला चाललाय?"

"देवाला."

"बेळगावात कुठली यल्लम्मा? सौंदत्ती कुठं, बेळगाव कुठं?"

त्याने दाराकडे बघितले. बरोबर कोण कोण आहे म्हणून विचारले तर म्हणाला, "न्हाई सांगणार. शबूद दिलाय." मी भडकलो. माझा आवाज आधीच मोठा, त्या दिवशी तो समोरच्या कोर्टापर्यंत गेला असेल. पोराचा कागद त्याच्यासमोर धरला आणि म्हटले, "हे बघ, तुझ्या एका गप्प बसण्यानं हे पोर घरी बसेल." त्याचे डोळे भरले, तरी त्याने मान हलवून नकारच दिला.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खोटे बोलणारा माणूस पोलिसाकडे बघतो, आपले पटले की नाही ते ताडायला. हा प्रत्येक प्रश्नाला दाराकडे बघत होता. मी जमादाराला खूण केली. त्याने त्या माउलीला मागच्या पडवीत चहाला नेले. मी दार लावून घेतले.

"आता बोल. पहिला बार कुठं?"

त्याने निःश्वास सोडला. "सायबाला समदं ठावं हाय तर. छावणीच्या मागल्या अंगाला. लय जुना हाय."

"जुना म्हणजे? ठासणीच्या बंदुकीचा?"

तो गोंधळला. "ठासणीचा कसा आसंल सायेब? लाकडी हाय. एका गोऱ्या कॅप्टननं बर्मा सागवानाचं काउंटर बनवून घेतल्यालं."

"कसलं काउंटर?"

"उभ्यानं प्यायचं."

मी खाली बसलो. जमादार परत आला होता, तो भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होता. आता फौजीला थांबवणे अवघड झाले. "बेळगावातलं जुनं बार दावणार हाय मी दोस्तांस्नी. कुठं कोण अधिकारी बसायचा, कुठल्या भिंतीत गोळी घुसल्याली हाय, समदं सांगणार. नुसतं ढोसायचं आसतं तर येवढ्या लांब कशाला जाऊ? पर घरी कळलं तर समद्यांचीच धडगत न्हाई, सायेब."

आपल्याकडे तेव्हा परमिटशिवाय घोट घेणे गुन्हा, पण सीमेपलीकडे मोकळीक होती. म्हणजे गुन्हा काहीच नव्हता. छातीवरचा धोंडा उतरणे म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळले. मी सांगलीला फोन लावला. "साहेब, बार आहेत, पण प्यायचे." पलीकडून साहेब खोकल्यासारखे हसले आणि त्यांनी नाकाबंदीची तयारी थांबवली.

फौजीला दोनच गोष्टी बजावल्या. परतताना कुणी झिंगत आपल्या हद्दीत यायचे नाही, आणि ओटी भरायला बस आधी सौंदत्तीला न्यायची. त्याच्यासमोरच पोराच्या कागदावर सही केली. इतक्या आनंदाने मी नोकरीत दुसरी सही केली नसेल. बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगितले, "यांच्यावर काही नाही. पोराचं काम झालं." ती पदर डोळ्यांना लावून रडली.

पुढे पोरगा भरती होऊन गेला, तेव्हा ती पेढे घेऊन ठाण्यात आली. पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "सायेब, त्या गोऱ्या कॅप्टनचं काउंटर लय चांगलं हाय म्हणं."

मी पेढा हातातच धरून राहिलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवं, काउंटरचं मागनं दोस्तांच्या बायकांकडनं कळलं. पर देवीला जाणारं कुणी चार दिस आधी मिशी कोरतंय व्हय? मला तवाच ठावं हुतं. एक डाव जात्यात, जाऊ द्या म्हणलं. तुमी मला इचारलंच न्हाई."

ज्या गुपितापायी बाप पोराच्या नोकरीवर पाणी सोडायला निघाला होता, ते तिला पहिल्यापासून ठाऊक होते, आणि ती माझ्याच ठाण्याच्या बाकावर बसली होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला. माणसाला चौकशीला उभे करण्याआधी त्याच्या बायकोला खुर्ची द्यायची आणि तिला आधी विचारायचे.