लिंबात शिजलेला मासा

माझी आई सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात बिनमिठाचं जेवण करत आलीय. तिथं प्रत्येक ताटावर रंगीत चिठ्ठी लावतात. पांढरी म्हणजे साधं जेवण, पिवळी म्हणजे साखर नको, लाल म्हणजे नुसतं पातळ आणि निळी म्हणजे मीठ नको. निळ्या चिठ्ठ्या आईकडे, म्हणून सगळे तिला निळीताई म्हणायचे. नवीन आलेल्या नर्सना तर ते तिचं खरंच नाव वाटायचं.

दुपारी ट्रॉल्या परत आल्या की बाकीच्या बायका चहाला जायच्या आणि आई उष्टी ताटं बघत उभी राहायची. कुणी किती टाकलंय, काय चिवडून ठेवलंय, कोणती वाटी चाटूनपुसून साफ आहे. मिठावाचून चव आणायची म्हणजे डोकं चालवावं लागतं. ती लसूण भाजून घ्यायची, टोमॅटो आटवायची, मिरी कुटून अगदी शेवटी घालायची. 'आज अकरा नंबरनं भोपळा संपवला,' असं ती घरी आल्यावर चप्पल काढता काढता सांगायची. आम्ही 'हो का' म्हणून पुन्हा टीव्हीकडे बघायचो.

एकदा एका पेशंटनं कागदी रुमालावर लिहून पाठवलं होतं, 'हे ज्यानं केलंय त्यानं आधी स्वतः खाऊन दाखवावं.' तो रुमाल ती घरी घेऊन आली. आम्ही हसलो. ती हसली नाही.

"रोज खाते की," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी मीच खाते."

तर अशा या बाईनं जन्मात एकदा आमच्याकडे काहीतरी मागितलं. हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या बसथांब्यावर जाहिरात लागली होती. शहराबाहेरच्या मोठ्या करमणूक पार्कमध्ये महिनाभर देशोदेशीच्या खाण्याचा मेळा होता. तिनं कुठून तरी त्याचं पत्रक मिळवलं आणि पेन्सिलीनं त्यातल्या चार पदार्थांवर खुणा केल्या. पहिली खूण पेरू देशाच्या माशावर होती. खाली लिहिलं होतं, ताजा मासा लिंबाच्या रसात घालतात, तो त्यातच शिजतो. आगीची गरज नाही.

"आग नाही तर शिजतो कसा?" तिनं मला विचारलं. "पांढरा पडत असेल. पण पांढरा पडणं म्हणजे शिजणं नव्हे. मला बघायचंय."

बाबा म्हणाले, "पेरूत मासा घालतात?"

"देश आहे तो, अहो."

"देशाचं नाव पेरू? मग शेजारी काय, सीताफळ?"

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आता निवृत्त झाल्यावर ते असले विनोद दुरुस्त करत बसतात. पण जायचं ठरलं. आणि इथंच माझी पहिली चूक झाली. आईला जायचं होतं, तर आईला न्यायचं. मी मात्र त्याची सहल केली. मी, माझा नवरा, आमची सहा वर्षांची मुलगी बटण, आई, बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्याला सोडून गेलो असतो तर ते पुढची दोन वर्षं ऐकावं लागलं असतं.

रविवार होता. निघायलाच तासभर उशीर, कारण बाबांना चष्मा सापडेना आणि तो त्यांच्या खिशात होता. फाटकाशी दुसरा खोळंबा. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, अशी पाटी होती आणि आत्यानं घरून डबा आणला होता.

"मला साखरेचा त्रास आहे," आत्या पहारेकऱ्याला म्हणाली. "चक्कर येऊन पडले तर तुम्ही उचलणार का?"

तो बिचारा म्हणाला, आजारी माणसाला सवलत आहे, कागद दाखवा. कागद घरी. आत्यानं डबा टाकून द्यायला साफ नकार दिला. तिथंच कठड्यावर बसून तिनं तो सावकाश संपवला आणि आम्ही पाचजण उन्हात तिच्याकडे बघत उभे राहिलो. शेवटचा घास गिळून ती म्हणाली, "चला. मला आता काही नको." त्या दिवशी आत्यानं आमच्या प्रत्येकाच्या हातातलं खाल्लं.

आत गेल्यावर आई पत्रकावरचा नकाशा उलगडून म्हणाली, "पेरू तळ्याच्या पलीकडे आहे. गर्दी वाढायच्या आत तिकडे जाऊ."

"आधी बटणला एका पाळण्यात बसवू या," मी म्हणाले. "एकदा तिचं समाधान झालं की आपण मोकळ्या."

ही दुसरी चूक. पाळण्याच्या दाराशी उंची मोजायची पट्टी होती आणि बटण तिच्याहून दोन बोटं कमी भरली. तिनं जमिनीवर बसून असा सूर लावला की तळ्यातली बदकं उडाली. मग तिला दुसऱ्या पाळण्याच्या रांगेत उभं केलं. तिथं पन्नास मिनिटं गेली. बाबा पाळणा चालवणाऱ्याला विचारत होते, ब्रेकचे पट्टे कधी बदलले, बेअरिंगचा आवाज ऐकू येतोय का तुम्हाला. ते ऐकून रांगेतली दोन कुटुंबं निघून गेली. पत्रकाची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची, एवढंच आईचं चाललं होतं.

शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही असा इथे, मी पुढे जाऊन रांग धरते."

ती गेली. अर्ध्या तासानं बटण पाळण्यातून उतरली आणि तीन पावलं चालून तिनं स्वतःच्या अंगावर ओकारी केली. तिचे जादाचे कपडे आईच्या पिशवीत होते. मी फोन लावला.

"माझ्या पुढे तीनच माणसं आहेत गं," आई म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "पाच मिनिटं थांबशील?"

बटण रडत होती, आत्या नाकाला रुमाल लावून 'मी सांगत होते' म्हणत होती. तिनं काहीच सांगितलं नव्हतं. मी ओरडलेच, "आई, ती घाणीत बसलीय! ये ना लवकर!"

आई रांग सोडून आली. तळ्याला वळसा घालून, त्या उन्हात, पिशवी छातीशी धरून. तिनंच बटणला पुसलं, कपडे बदलले. मी फक्त उभी होते. वैताग असा चढला होता की मला माझ्या मुलीचा, नवऱ्याचा, त्या पार्कातल्या भोंग्यावरच्या गाण्याचा, सगळ्याचाच राग येत होता. नवरा म्हणाला, "आता कुठेतरी बसू या, भूक लागलीय." तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतं की ते' असं विचारतो. स्वतः मात्र कोणत्या दुकानाशी थांबायचं हे त्याला ठरवता येईना. अखेर आम्ही बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. जे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतात, तेच. कुठल्या देशाचे होते कुणास ठाऊक.

मग घेतलेली जॉर्जिया देशाची पाव-नौका, म्हणजे चीज भरलेला नावेच्या आकाराचा पाव, आत्यानं अर्धी खाल्ली आणि 'जड आहे' म्हणाली. पत्रकावर तिच्यापुढेही आईची खूण होती. आईच्या वाट्याला नावेचं एक टोक आलं, कोरडं.

चार वाजता आई उठली. "मी पुन्हा जाऊन येते. आता कुणी फोन करू नका."

चाळीस मिनिटांनी ती येताना दिसली. दोन्ही हातांत धरून ती कागदाचा एक खोलगट वाडगा आणत होती, वाटेतल्या पोरांना चुकवत, पाण्यानं भरलेलं भांडं आणावं तशी. टेबलावर ठेवला. पांढरे माशाचे तुकडे, कांद्याच्या पातळ पाकळ्या, बाजूला रताळ्याची एक फोड. आईचा चेहरा घामानं डबडबलेला होता, पण डोळे चकाकत होते.

"शेवटचाच होता," ती म्हणाली. "माझ्यानंतर त्यांनी पाटी लावली, संपलं म्हणून. थांबा, हात धुऊन येते."

हात न धुता आई कधी घास घेत नाही. कोपरापर्यंत साबण लावते आणि मनातल्या मनात तीस मोजते. हॉस्पिटलची सवय. नळ लांब होता, तिथंही रांग होती.

आत्यानं वाडगा नाकाजवळ नेला. "कच्चा आहे हा! शी! वास येतोय."

बाबांनी काट्यानं एक तुकडा उलटला. "खरंच, विस्तव दाखवलेला नाही याला. या वयात तिच्या पोटाला बाधलं म्हणजे?"

नवरा म्हणाला, "उन्हातून आणलाय. धोका नको घ्यायला."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला आईला काय हवंय ते माहीत होतं. बाकी कुणाला नसेल, पण मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला दिसला तो फक्त पुढचा त्रास. रात्री आईचं पोट बिघडणार, मग मीच धावणार. मी म्हणाले, "टाकून द्या. तिला सांगू, सांडला म्हणून."

बाबांनी वाडगा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. आई तेवढ्यात ओले हात झटकत आली.

"कुठाय?"

"अगं, सांडला," आत्या म्हणाली.

आईनं टेबलाकडे बघितलं. ते कोरडं होतं. मग तिनं डब्यात डोकावलं. वाडगा सरळ पडला होता. रताळ्याची फोड होती तशीच.

"कुणी टाकला?"

"मीच," बाबा म्हणाले. "कच्चा होता गं. तुला बाधला असता."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांना काय बाधेल ते बघून शिजवतेय. रोज अडीचशे ताटं. आजवर एकाला बाधलं नाही. आणि मला एक घास खायचा तर तुम्ही ठरवणार?"

"आम्ही तुझ्या काळजीपोटी..." बाबा म्हणायला लागले.

"काळजी नव्हे ती," आई म्हणाली. "मला विचारायचा कंटाळा."

बटण म्हणाली, "आजी, आईनं सांगितलं टाकायला." खरं बोलायला हीच वेळ सापडली तिला. आईनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. पण ती मला नीट न्याहाळत होती, उष्टं ताट बघावं तशी. मी मान खाली घातली.

पुढचे तीन दिवस आईनं तिच्या घरात मीठ घातलं नाही. भाजीत नाही, भातात नाही, सूपमध्ये नाही. बाबांनी पहिल्या दिवशी मिठाची बरणी शोधली. ती कपाटातून गेली होती. मग तेही मुकाट्यानं जेवले. फोनवर मला दबक्या आवाजात म्हणाले, "चवीला तसं वाईट नाही गं. हे ती त्या पेशंटांसाठी रोज करते? मला वाटायचं, नुसतं उकडून देत असतील." लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.

बुधवारी दुपारी बाबांचा पुन्हा फोन. आई घरी आली नव्हती. तिचा फोन बंद होता. हॉस्पिटलमध्ये विचारलं तर कळलं, तिनं रजा घेतलीय. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. परीक्षानळ्या तशाच टाकून त्यांच्याकडे निघाले. बाबा दारात येरझाऱ्या घालत होते. आम्ही एकमेकांवरच चिडत राहिलो. तुम्ही टाकलात, तू सांगितलंस, असं.

पाच वाजता आई आली. बसनं गेली होती, बसनं आली. तोंडावर उन्हाचा लाल पट्टा उमटला होता. ती पाणी प्यायली आणि बसली.

"रांगच नव्हती," ती म्हणाली. "आठवड्याच्या मधल्या दिवशी कुत्रं नसतं तिथं."

"फोन का बंद ठेवलास?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तू केला असतास म्हणून."

मग तिनं आपणहून सांगितलं. पेरूच्या दुकानात एक बाई होती, आईच्याच वयाची. भाषेचा पत्ता नाही. आईनं स्वतःच्या हातावरचा जुना भाजल्याचा डाग दाखवला, त्या बाईनं तिचा दाखवला आणि आईला काउंटरच्या आत घेतलं. मासा कापण्यापासून दाखवलं. लिंबू घातल्यावर कडेपासून पांढरेपणा आत कसा शिरतो, तो कुठं थांबवायचा, सगळं. आईनं दोन वाडगे खाल्ले. बाकीच्या खुणांपैकी एक दुकान बंद होतं आणि एक पदार्थ तिला अजिबात आवडला नाही, फेसासारखा लागला म्हणे.

"मग? शिजतो का?" बाबांनी विचारलं. अगदी हळू आवाजात.

"शिजलेला नाही," आई म्हणाली. "पण कच्चाही नाही. मधलंच काहीतरी आहे." तिनं जीभ टाळूला लावली, जणू अजून शोधत होती. "मीठ जरा जास्त होतं."

मी म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी आले असते. दोघीच गेलो असतो."

"आली असतीस," ती म्हणाली, "आणि मग मला सावलीत बसवून तू रांगेत उभी राहिली असतीस."

मला माफी मागायची होती. वाक्यही जुळवून आणलं होतं. पण आई उठून आतल्या खोलीत गेली. सकाळी साडेचारला उठायचं होतं तिला. बाबा खुर्चीत बसून राहिले, मी दारात. तिच्याकडे आत आधी कुणी जायचं ते आम्हाला ठरवता येईना.