आधी मोज, मग जागा माग

कदम सर गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळली. मी नगरला ऑफिसात होते, जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. एकामागून एक संदेश येत होते... देवमाणूस, गुरुमाऊली, श्रीगोंद्याचा आधारवड. मीही दोन शब्द लिहिले, पुसले, परत लिहिले, परत पुसले. शेवटी नुसते जोडलेले हात पाठवले आणि डबा तसाच बंद केला. त्याला आता काही आठवडे झाले. 'मंगल, तू सरांची लाडकी, तूच लिही,' असं सगळ्यांचं म्हणणं पडलं म्हणून लिहायला बसले आहे. लाडकी होते, हे खरंच. पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा रिवाज आहे, आणि मला तो सगळा पाळता येईल असं वाटत नाही.

श्रीगोंद्यात बाजारतळाच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. आम्ही सगळी उसाच्या पट्ट्यातली पोरं. बाकीचे क्लास टायपिंग नि हिशेब शिकवून मोकळे व्हायचे. सर मात्र सी भाषा शिकवायचे, तीही मुळापासून. नाव, गाव, आकडे एकत्र करून एक ओळ तयार करायची, तर ती ठेवायला यंत्राच्या मेमरीत जागा लागते. बहुतेक जण ही जागा अंदाजाने धरतात, आणि ओळ लांब निघाली की ती शेजारच्या घरात घुसून तिथलं सामान विस्कटते. सरांना अंदाजाची भयंकर चीड. "माप न घेता कापड फाडणारा शिंपी बघितलाय का कुठं?" ते विचारायचे. "आधी नुसतं मोजून घ्यायचं, ओळ किती लांब हुनार हाय ते. ओळ संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य बसतं, त्याच्यासाठी एक घर वाढवायचं. मग तेवढी जागा मागायची, मग लिहायचं. अन् काम झालं की जागा परत. ज्यानं मागितली त्यानंच निस्तरायचं, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं न्हाई." हे शेवटचं वाक्य ते फळ्यावर खडू आपटून म्हणायचे. मी ते वहीत लिहिलं नाही, थेट मनात धरलं. किती भाबडी होते मी.

शिक्षण झाल्यावर सरांनी मला जोडीला घेतलं. आम्ही वजनकाट्याची कामं करायचो... म्हणजे उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याच्या नावानिशी वजनाची पावती छापणारा प्रोग्राम. पावत्या इंग्रजीत निघायच्या तोवर सगळं सुरळीत होतं. मग एका कारखान्याने मराठीत पावती मागितली, आणि गळीत हंगाम तर तोंडावर आलेला. मी नावाची ओळ सरांच्याच रीतीने लिहिली होती, आधी मोजून मग जागा मागणारी. सरांनी ती काढली. म्हणाले, "जुनं यंत्र हाय, दर गाडीला मोजत बसलं तर मोळ्या वाळत्याल. ठोक जागा देऊन टाकू." आणि यादीतलं लांबलचक नाव घेऊन त्यांनी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजली, वर थोडी जागा सोडली. मी म्हटलं, "सर, मराठी अक्षराला यंत्रात तिप्पट जागा लागते. काना-मात्रा वेगळ्या. बोटांवर नको, यंत्राकडूनच मोजून घेऊ." ते हसले. "मंगल, तू जन्मायच्या आधीपासून मोजतोय मी." मग स्वतःचंच नाव घालून पावती काढून बघितली. त्यांचं नाव आखूड. पावती झकास निघाली.

हंगाम सुरू झाला नि दुसऱ्याच दिवशी काट्यावर आरडाओरडा. लांब नावाच्या शेतकऱ्यांच्या पावतीवर नाव आपल्या जागेतून सांडून वजनाच्या जागेत गेलं होतं. वजनाचा आकडा गायब, तिथे आडनावाची शेपटी. आमच्याकडे ऊसवाला सगळं सोसेल, पण काटामारी सोसणार नाही. वजन खाल्लं अशी हाकाटी झाली, ट्रॅक्टर आडवे लावले गेले. मॅनेजरांच्या केबिनमध्ये आम्हा दोघांना उभं केलं. बाहेर माणसं दाराला भिडलेली. मॅनेजरांनी विचारलं, "हे कुणाचं काम?" मी सरांकडे बघितलं. मला खात्री होती, ते स्वतःवर घेतील. सरांनी टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरगी नवीन हाय साहेब. तिच्याकडनं जागा मोजायची राहिली."

गुरू खोटं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते. अशा वेळी काय बोलायचं असतं ते त्यांनी शिकवलं नव्हतं. मला घरी पाठवलं गेलं. दुसऱ्या दिवशी सरांनी आधी काढून टाकलेली माझीच ओळ परत घातली, पावत्या नीट निघाल्या, आणि सरांनी हंगाम वाचवला म्हणून त्यांना नारळ नि शाल मिळाली. आमचा ऊसही त्याच कारखान्याला जायचा. वडील गाडीबरोबर गेले की लोक ऐकवायचे, "तुमच्या पोरीला सांगा, आज काटा मारू नको." वडिलांनी मला एकदाच विचारलं, "तू केलं हुतं का गं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग बास." पण त्या हंगामानंतर ते स्वतः गाडीबरोबर गेले नाहीत, चुलत्यांना पाठवत राहिले. वडील सरांच्या आधीच वारले. माझ्या त्या एका 'नाही'पलीकडे खरं त्यांच्या कानावर कधी पडलं नाही. याची माफी मला सरांना देता येत नाही, आणि द्यायचीही नाही.

सर फार आजारी आहेत कळलं तेव्हा मी त्यांना भेटायला गेले होते. पत्र्याच्या त्याच खोलीत खाटेवर पडले होते, फळा अजून भिंतीवर. त्यांनी माझा हात धरला... मला वाटलं, आता बोलतील. इतकी वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "अजून आधी मोजतीस का गं?"

"व्हय सर."

"बरं," म्हणाले, आणि डोळे मिटले. सरांच्या बायकोने, काकूंनी, चहा आणला. मी तो प्याले आणि एसटी धरली. शोकसभेत एक जुना वर्गमित्र मला म्हणाला, "सर जिथं जातील तिथं तुझं नाव काढायचे. मंगलसारखा हात कुणाचा न्हाई, म्हणायचे." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. गावभर कौतुक केलं, नुसती ती एक केबिन सोडून. ते ऐकून मला जास्तच संताप आला.

पण हाताला काय करू? आजही कुठलीही ओळ जुळवायची असली की बोटं आपसूक तीच रीत धरतात. मोज, एक घर वाढव, माग, लिही, परत कर. खडूचा आवाज येतो. परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलीने माझं काम बघून विचारलं, "मॅडम, किती नेटकं आहे. कुणी शिकवलं तुम्हाला?" मी सरांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी आपल्या चुकीला माझं नाव दिलं होतं. माझ्या हातून बरोबर उतरतं त्याला मी अजून त्यांचंच देते आहे.