घरचं एक माणूस

म्युनिसिपल कमिटीच्या बैठकीत कारकून ठराव वाचून थांबला, की बाकीचे मेंबर टोपी सावरायचे आणि "मंजूर" म्हणायचे. कागदीचाचा मात्र दाढीवरून हात फिरवून म्हणायचे, "भिजू द्या." झालं! ठराव पुढच्या बैठकीवर. अध्यक्ष आमचे वकीलसाहेब, त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होई. अख्ख्या जुन्नरात चाचांना मागून "भिजूद्या मेंबर" म्हणत आणि चाचांना ते ठाऊक होतं. वर त्यांना त्याचा अभिमान! सरकारनं त्यांना नेमलं होतं ते मोहल्ल्यातला एक दाढीवाला पाहिजे म्हणून. गप्प बसेल, मान हलवील, असा साहेबाचा हिशेब असावा. तो हिशेब पहिल्याच बैठकीत चुकला.

त्यांचा धंदा कागदाचा. आमच्या दुकानातली फाटकी गोणपाटं ते विकत घेत. चुन्यात भिजवून, ढेकीनं कुटून, कुकडीच्या पाण्यात धुवून, साच्यानं हौदातून कागद उचलत. हौदावर असताना बोललेलं त्यांना खपत नसे. "गोणपाट नीट भिजलं न्हाई, की कागदात गाठ राहते. टाक अडतो शेठ, न् शाई फुटते. ठरावाचंबी तसंच हाय," असं ते मला म्हणत. मी भुसाराचा व्यापारी, कमिटीत मीही मेंबर, पण गोणपाटाच्या भावावरून आमचं कायम वाजायचं. मी त्यांना लबाड म्हणायचो, ते मला कंजूस म्हणायचे, आणि नंतर दोघंही त्यांच्या ओसरीवर सुपारी कातरत बसायचो. त्यांची बायको केव्हाच गेलेली. घरात म्हातारी आई आणि मुलगी सकीना. सकीना आत बसून दगडानं कागद घोटायची, त्याचा घर्र-घर्र आवाज आमच्या भांडणाला साथ करी.

ठराव भिजवायचा म्हणजे चाचा काय करत, तर गावात हिंडत. गावातल्या पाण्याच्या हौदांवर पट्टी बसवायची असा ठराव आला. चाचा कोष्ट्यांत गेले, माळ्यांत गेले, मोमिनांत गेले. पुढच्या बैठकीत म्हणाले, "वकीलसाहेब, पट्टी बसवा, पर माळवाड्यातल्या हौदाला तीन महिने पानीच नसतं. कोरड्या हौदाची पट्टी कशाची?" पट्टी निम्मी झाली. दिव्याचे खांब बाजारपेठेत लागायचे होते, त्यातला एक चाचांनी चांभारवाड्याच्या उतारावर नेला, कारण पावसाळ्यात तिथं माणसं घसरून पडत. मला विचाराल तर राज्य असंच चालावं. पण वकीलसाहेब म्हणत, "या माणसापायी गाव शंभर वर्षं मागं राहील."

मग ती प्लेगची वर्षं आली. घराघरांत उंदीर पडू लागले, माणसांच्या काखेत गाठी येऊ लागल्या, आणि निम्मं गाव शेतांत झोपड्या बांधून राहायला गेलं. पुण्याहून हुकूम सुटला की आजारी माणसाला घरात ठेवायचं नाही, गावाबाहेरच्या छावणीत नेऊन घालायचं, आणि घरच्यांपैकी कोणीही बरोबर जायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! साहेबाच्या कागदावर ते ठीक दिसलं असेल. इथं माणसं आपले आजारी लपवू लागली. कोणी कणगीत लपवलं, कोणी कडब्याच्या गंजीत. एका घरात तर म्हातारीच्या अंगावर गोधड्यांचा ढीग रचून पोरं वर बसली होती. शिपाई गेला तेव्हा ती गुदमरून गेलेली.

त्या दिवशी बैठकीत चाचा उभे राहिले. एरवी ते बसून बोलत. म्हणाले, "साहेब, माणसं वाईट न्हाईत. आजाऱ्याला एकटं धाडायला जीव होत न्हाई कुनाचा. घरचं एक माणूस संगं जाऊ द्या. कोन लपवनार न्हाई मग." वकीलसाहेबांना पटलं. सगळ्यांनाच पटलं. कारकुनानं लिहिलं: आजाऱ्याबरोबर घरचे एक माणूस जावे, आजारी सुटेपर्यंत त्याने बाहेर येऊ नये. मी गमतीनं म्हटलं, "काय चाचा, हा नाही भिजवायचा?" चाचा माझ्यावर उखडले. "घराघरात मानसं मरत्यात, अन् तुला मस्करी सुचती? याला भिजवायला येळ कुठं हाय?" आणि चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी, "मंजूर" म्हटलं.

पुण्याची मंजुरीही लगोलग आली. आणि खरंच, लपवणं थांबलं. लोक आपणहून आजारी दाखवू लागले. चाचांना रस्त्यात थांबवून म्हातारे दुवा देत. मला वाटतं, त्या दिवसांत ते जेवढे सुखी होते तेवढे पुन्हा कधीच झाले नाहीत.

पण एकदा ते छावणीच्या कुडापाशी जाऊन आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. "शेठ, आपुन 'माणूस' लिव्हलं. आत समद्या पोरीच हायेत." मी म्हटलं, म्हणजे? म्हणाले, "सासरा आजारी, सून गेली. दीर आजारी, भावजय गेली. जावा-जावांत धाकटी गेली. एक बाप्या न्हाई आत. एका घरात विचारून आलो असतो तरी कुनीबी सांगितलं असतं मला." मी म्हटलं, पुढच्या बैठकीत दुरुस्ती मांडा. ते म्हणाले, "मांडतो. घोडेगावच्या कचेरीत कागदाचे गठ्ठे पोचवायचेत, तेवढं करून येतो, अन् मांडतो."

ते घोडेगावला गेले आणि इकडं त्यांच्या आईला ताप भरला. शेजाऱ्यांनी शिपायाला कळवलं, नियमच होता तो. म्हातारीला डोलीत घातलं, आणि घरचं एक माणूस म्हणून सकीना डोलीमागं चालत गेली. तिचं लग्न मंचरला ठरलेलं होतं. मी तिला आडवा गेलो, म्हटलं, "पोरी, बाप उद्या येईल, तो जाईल, तू थांब." ती म्हणाली, "दादीला एकटीला कसं धाडू काका? अब्बांनीच ठराव केलाय ना त्यासाठी?" मी वाटेतून बाजूला झालो.

चाचा परतले ते घरी न जाता थेट छावणीवर. दारावरचा शिपाई आमच्याच आळीतला, चाचांच्या ओसरीवर लहानाचा मोठा झालेला. चाचा म्हणाले, "बाबा, तिला भाएर काढ अन् मला आत घे. एकाच्या बदल्यात एक, नियम मोडत न्हाई." शिपाई रडायला लागला. "चाचा, आत गेलेलं माणूस भाएर काढायचं न्हाई, असं लिव्हलंय. तुमचाच ठराव हाय. मी काढलं तर मला तुरुंगात घालतील." मग चाचा वकीलसाहेबांकडं धावले. वकीलसाहेब माणूस वाईट नव्हता. हात जोडून म्हणाला, "पुण्याची मंजुरी आलेला ठराव मला एकट्याला मोडता येत नाही हो." त्यानं पुण्याला तार केली. पुण्याचं उत्तर काही येईना.

तोवर चाचा कुडाबाहेर बसून असत. मी भाकरी घेऊन जाई, ती तशीच राही. सकाळ झाली की ते हाक मारत, "सकीना, दादीनं पेज घेतली?" आतून आवाज येई, "घेतली, अब्बा." तेवढं ऐकलं की ते गुडघ्यात मान घालून बसत. म्हातारी हळूहळू सावरत होती. मग एके सकाळी चाचांनी हाक मारली आणि आतून कोणी बोललं नाही. चाचांनी पुन्हा मारली. थोड्या वेळानं म्हातारीचाच चिरका आवाज आला, "बेटा, ती उठत न्हाई रे."

म्हातारी वाचली आणि पोर गेली. पुण्याचं उत्तर त्यानंतर आलं, अदलाबदलीला हरकत नाही म्हणून. बैल गेला अन् झोपा केला. म्हातारी घरी आली तेव्हापासून ज्याला त्याला विचारायची, "मला कशाला राखलं?" सालाच्या आत तीही गेली. घोटायचा दगड कोपऱ्यात तसाच पडून होता. चाचा कागद करत, पण न घोटताच विकत. असला खरखरीत कागद कोण घेणार?

सकीना गेल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीला चाचा आले. वकीलसाहेब उठून म्हणाले, "ज्या ठरावानं आपल्या मेंबरांवर हा प्रसंग आणला, तो आपण रद्द करावा असं मी मांडतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. चाचा बसूनच होते. दाढीवरून हात फिरवून म्हणाले, "भिजू द्या."



आणि ते निघाले हिंडायला. या वेळी पुरुषांकडं गेलेच नाहीत. बायकांनी परक्या पुरुषाशी, त्यातून मुसलमान म्हाताऱ्याशी, समोरासमोर कसं बोलावं? तर चाचा उंबऱ्याबाहेर दाराकडं पाठ करून उभे राहत आणि म्हणत, "बाई, मी कागदी. तुमी आतून बोला, मी ऐकतो." घरोघर अशी पाठ करून ते उभे राहिले. आमच्याही दारात आले. आमची मंडळी दाराआडून म्हणाली, "चाचा, रद्द नका करू. आम्ही माणसाला एकटं सोडणार नाही, मग पुन्हा लपवालपवी होईल. पण पाळी लावा. आणि एकदा तरी पुरुषाचं नाव घ्या." माझ्याकडं न बघता म्हणाली हो! चाचांनी पाठमोरंच मान हलवली. मला त्यांचे खांदे दिसत होते, ते हलत होते.

बैठकीत त्यांनी सांगितलं ते असं: माणूस जाईलच, पण पाळीपाळीनं, अंग धुऊन कपडे उकळून बाहेर यायची मुभा ठेवून. पहिली पाळी घरातल्या कर्त्या पुरुषाची. बिनलग्नाची पोर आणि लेकुरवाळी यांना धाडायचं नाही. एक सावकार मेंबर फणकारला, "म्हणजे आम्ही धंदे सोडून छावणीत जाऊन बसायचं?"

चाचा शांतपणे म्हणाले, "धंदा मलाबी व्हता, शेठजी. मी घोडेगावला कागद द्यायला गेलो व्हतो."

ठराव एकमतानं मंजूर झाला. पुण्यानं तो मान्य केला, फक्त एक शब्द आपल्या पदरचा घातला: 'घरचे' याच्या जोडीला 'नात्याचे'. साहेब लोकांना काहीतरी घातल्याशिवाय चैन पडत नाही. पुढं या ठरावाची वाहवा झाली ती वकीलसाहेबांच्या नावावर, आसपासच्या गावांनीही तो उचलला. चाचा कुठंच नव्हते. मी संतापून बोललो, तर म्हणाले, "जाऊ दे रं. कागद कुनी केला, ते त्यावर लिव्हनारा कधी इचारतो का?"

पुढच्या हिवाळ्यात प्लेग पुन्हा आला आणि चाचांच्या मांडीत गाठ आली. पुतणे मुंबईला गेलेले, मोहल्ला झोपड्यांवर पांगलेला. डोलीमागं कोणीच नव्हतं. आमच्या मंडळीनं माझ्याकडं बघितलं आणि पंच्याचं गाठोडं बांधून हातात दिलं. दारावर तोच शिपाई. त्यानं माझ्या पगडीकडं बघितलं, डोलीकडं बघितलं. "शेठ, नात्याचं माणूस लागतं. काय लागता तुमी चाचांचे?"

"भाऊ," मी म्हटलं. "सख्खा."

त्यानं मान खाली घातली आणि दार उघडलं.

आत चाचा शुद्धीवर असले की मला शिव्या देत, "भाएर हो कंजुसा, पाळी बदल." पाळीला यायचं कोणी? मी पेज पाजत होतो, अंग पुसत होतो. मग ताप मेंदूत गेला. एका सकाळी ते अर्धवट उठून बसले, कुडाकडं तोंड केलं आणि पूर्वीसारखी हाक मारली, "सकीना, दादीनं पेज घेतली?"

मला राहवेना. मी म्हटलं, "घेतली, अब्बा."

त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. माझा हात चाचपडत धरून म्हणाले, "मग तू भाएर ये आता. पुढची पाळी माझी हाय."

मी म्हटलं, "आले, अब्बा." त्यांनी हात सोडला.