तुटक रेघ आणि बाबांचा दोर

मला राग पटकन येतो आणि तो आला की मी आधी बोलते, विचार नंतर करते. त्या शनिवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्येही तेच झालं. भिंतीवर आमच्या गावाचा नवा नकाशा लावला होता, हरकती घ्यायला आठ दिवसांची मुदत होती, आणि कोळीवाड्यातून धक्क्यावर जाणारी आमची वाट त्या नकाशात बंद दिसत होती.

नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा तक्ता होता. तुटक रेघ म्हणजे पायवाट, सलग रेघ म्हणजे भिंत किंवा कुंपण. आमची वाट देवळापासून निघताना चांगली तुटक होती. पण जिथे ती नारळाच्या वाडीला वळसा घालते, तिथे रेघ सलग झाली होती आणि वळण संपल्यावर पुन्हा तुटक. ती वाडी नुकतीच मुंबईच्या एका माणसाने लॉज बांधायला घेतलेली. मग काय, नकाशा काढणाऱ्याने पैसे खाल्लेत हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या वाटेने गावातल्या बायका रोज मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर येतात. माझी आईही येते. ती वाट गेली तर डांबरी रस्त्याने पाऊण तासाचा फेरा पडतो.

नकाशा तयार करणारे साहेब तळा गावचे, पन्नाशीचे, हळू बोलणारे. ते बिचारे पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "माझ्या कॉम्प्युटरवर रेघ तुटक आहे हो. कागदावरच अशी येतेय." हॉलमध्ये हशा पिकला. मी नवी मुंबईत कॉम्प्युटरचं काम करते म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. मी पुढे झाले आणि भरल्या सभेत म्हणाले, "कागद काय आपल्या मनाने भिंत बांधतो? किती घेतलेत तेवढं सांगा."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर रेघ खरंच तुटक होती, वळणावरसुद्धा. मी भिंतीवरच्या कागदाला नाक लावून ते वळण बघितलं. मग नजर खालच्या कडेला गेली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत ड्रायव्हरची आवृत्ती छापलेली होती. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं छपाईच्या यंत्राला समजावून सांगणारा मधला प्रोग्रॅम. कागदाच्या कडेला ती ओळ छापायची हौस माझीच. तो ड्रायव्हर आमच्या ऑफिसचा होता आणि त्यातलं तुटक रेघा काढायचं फंक्शन मी नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलं होतं.

डोकं दुखतंय असं सांगून घरी निघून आले.

बाबा पडवीत बसून जाळ्याच्या दोराला ते तरंगतं ठेवणारे बोये बांधत होते. मी बाजूला बसले. मनात तेच फंक्शन फिरत होतं. त्याला काम तसं सोपं दिलेलं असतं. इतकी रेघ काढ, इतकी जागा सोड, पुन्हा रेघ काढ. पण वळण त्याच्या हातात अख्खं कधीच येत नाही. वळणाचे बारीक बारीक सरळ तुकडे होतात आणि एकेक तुकडा त्याच्यापुढे ठेवला जातो. सोबत एक आकडा येतो. रेघ आणि मोकळी जागा यांच्या नक्षीत आपण आत्ता कुठवर आलो आहोत, ते तो आकडा सांगतो. एवढं सगळं मला पाठ होतं. मग चुकलं कुठे, ते मात्र सुचत नव्हतं.

बाबांच्या हातातला दोर संपला. त्यांनी नवा दोर घेतला, जुन्याला गाठ मारली आणि पुढे मोजायला लागले. दर दोन हातांवर एक बोया. शेवटच्या बोयापासून गाठीपर्यंत एक हात झाला होता. गाठ ओलांडून त्यांनी आणखी एकच हात मोजला आणि तिथे बोया बांधला. हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बाबा, नव्या दोरावर पहिल्यापासून का नाही मोजत तुम्ही?"

"जाल्याला काय म्हाईत दोर बदलला? त्याला सगला एकच दोर. मोजणी गाठीवरून पुढं न्यायची, बाय."

"आणि नाही नेली तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हिला शिकवलं ते फुकट गेलं. "तुकडं बारीक असलं आन् परत्येक गाठीला नव्यानं बोया बांदलास, तर बोयाला बोया चिकटल. मदी जागाच ऱ्हाणार न्हाय."

मी उठून उभीच राहिले. माझं फंक्शन तो आकडा वाचत होतं, त्याप्रमाणे रेघ काढत होतं, पण काम झाल्यावर नवा आकडा परत लिहून ठेवत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक तुकडा शून्यापासून सुरू होत होता. सरळ रेघेला एकच लांब तुकडा, तिथे काही बिघडत नव्हतं, आणि मी चाचणी घेतली ती सगळी सरळ रेघांवर. वळणाचा प्रत्येक तुकडा मात्र इतका लहान की मोकळी जागा सोडायची पाळी येण्याआधीच तो संपायचा. रेघेला रेघ चिकटत गेली आणि माझ्या आईच्या वाटेवर भिंत उभी राहिली.

खरं सांगते, त्या क्षणी लाज मागे पडली आणि नवलच जास्त वाटलं. इतकी वर्षं मी हे काम करते, पण एका आकड्यात एवढं काही असतं असं कधी मनात आलं नव्हतं. कोणाला दिसत नाही, कागदावर उमटत नाही, आणि तो विसरला की गावाची वाट जाते. आणि बाबा, ज्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, ते हा आकडा बोटांत घेऊन बसले होते.

सोमवारी ऑफिसात जाऊन दुरुस्ती केली. एकच ओळ होती. तळ्याच्या साहेबांकडून फोनवर नकाशाची फाइल मागून घेतली. कशासाठी ते सांगितलं नाही, आणि त्यांनीही सभ्यपणे विचारलं नाही. ती आमच्या मोठ्या यंत्रावर छापायला लावून मी समोर उभी राहिले. कागद बोट-बोट पुढे सरकत होता. देऊळ आलं, वाट आली, वाडी आली. वळणावर रेघ, जागा, रेघ, जागा, एकही ठोका न चुकता वळून धक्क्यावर गेली. माझे डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, नकाशा आहे."

खरं तर नकाशा पोस्टाने धाडून मोकळी होऊ शकले असते. गावाला वाट मिळाली असती आणि चूक कुणाची ते कोणी विचारलं नसतं. दोन दिवस मी हाच विचार केला, हे कबूल करते. पण सभेत मी जे बोलले होते ते कानातून जाईना. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रजा टाकली आणि सकाळची एसटी धरली.

हॉल भरलेला होता. साहेब एका कडेला बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जुन्या नकाशाशेजारी नवा लावला आणि म्हणाले, "यांनी काही चुकीचं केलेलं नाही. चूक माझी आहे. मी त्यांच्यावर नको ते आरोप केले, मी माफी मागते." मग मी तुकडे, आकडा, शून्य असं सगळं समजावू लागले. लोक तोंडाकडे बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, "आता हिलाबी पैसं दिलं वाटतं." माझा आवाज चढायला लागला.

तेवढ्यात मागून बाबा उठले. "आरं, सोपं हाय. हिनं गाठीला मोजणी तोडली. दोर बदलला का हिची मोजणी पयल्यापासून."

एका क्षणात सगळ्या हॉलला कळलं. मला जे शिकायला पदवी लागली, नोकरी लागली, ते त्या शंभरेक माणसांना एका वाक्यात कळलं आणि मी थक्क होऊन बघत राहिले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मावशीने कपाळाला हात लावला. "कोल्याची पोर तू, आन् गाठीला मोजणी तोडलीस? आईबापाचं नाव घालवलंस गो!" हॉल खदखदून हसला. आईसुद्धा हसली. नव्या नकाशाला एकही हरकत आली नाही.

लोक पांगल्यावर साहेब माझ्याजवळ आले. मला वाटलं आता सुनावतील, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते. त्यांनी फक्त विचारलं, "हे दोन्ही नकाशे मला मिळतील का? पंचायतीला नव्याची दुसरी प्रत देतो."

"जुना कशाला हवाय तुम्हाला?"

"बायकोला दाखवायचाय," ते म्हणाले. "तुमच्या गावची बातमी तळ्यापर्यंत आली. तिने मला काही विचारलं नाही. पण आठ दिवस ती माझ्याशी नीट बोललेली नाही."

बाबांनी खिशातून जाळ्याचा धागा काढून दिला. मी दोन्ही नकाशे एकात एक गुंडाळले, जुना आत आणि नवा बाहेर, आणि धाग्याने बांधले. साहेब ती गुंडाळी काखेत धरून एसटीच्या थांब्याकडे घाईने निघाले, कारण तळ्याची गाडी गाठायला त्यांना आधी मुरुडला पोचायचं होतं.