हॅलोबाईंचं चांदणं

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला, पण गाव अजून त्यांना हॅलोबाईच म्हणतं. डोंगरातलं एवढंसं गाव. इथे एकदा नाव पडलं की पडलं. कानाला जड हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात वायरींची टोकं खोचत बाईंनी अख्ख्या गावाची बोलणी जुळवली. जन्म, मरण, नोकऱ्या, सोयरिकी. स्वतःचं लग्न जुळवायचं तेवढं राहून गेलं. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याची नोकरी, मग त्याचं लग्न, मग त्याचं घर. बाईंची रात्रपाळी काही संपेना. "ताई आहे म्हणून आम्ही आहोत," असं भाऊ चारचौघांत म्हणायचा. चारचौघांत म्हणायला काय जातंय?

कामात मात्र बाई भारी कडक. पलीकडचा माणूस मोघम बोलला की यांचा पारा चढलाच. "नीट सांगा. कोण हवंय, कुठं हवंय? तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका." एक शब्द इकडचा तिकडे झाला तर फोन भलत्याच घरी जाऊन वाजतो, हे त्यांनी गावाला दटावून दटावून शिकवलं होतं. आणि म्हातारपणी स्वतःच अशा एका शब्दापायी फसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नस सुकत चाललीय. "गेलं ते परत येणार नाही. औषधाने आहे ते थोडं टिकेल. या वर्षात काय बघायचं ते बघून घ्या." उजेडाचा तर आधीपासूनच त्रास. भर दुपारी रस्त्यावर गेलं की समोरचं सगळं पांढरंफटक व्हायचं. दिवस मावळला की जरा बरं. अशाच एका संध्याकाळी गावाची वीज गेली. बाई मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. सहज मान वर केली आणि हातातला टॉवेल खाली पडला. दोन छपरांच्या मधे जेवढं आभाळ होतं, तेवढं ताऱ्यांनी खच्चून भरलं होतं. आणि त्यांना ते दिसत होतं! बारीकसारीक ठिपकेसुद्धा. सगळं आयुष्य रात्रपाळीत गेलं, पण त्या एक्स्चेंजच्या खोलीला खिडकी नव्हती. रात्र कशी असते हे बाईंनी धड पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात वीज आली, शेजारच्यांचा भगभगीत दिवा पेटला आणि आभाळ पुसलं गेलं.

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दाढी करत होता, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"अरे, मला एकदा वरच्या पठारावर ने. डोळे आहेत तोवर चांदणं बघायचंय."

"एवढंच ना?" आरशातूनच भाऊ म्हणाला. "त्यात काय! झकास बेत करू."

आयुष्यात बाईंनी भावाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. त्यामुळे तो लगेच हो म्हणाला याचंच त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही.

भाऊ पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. बेत करायचा म्हणजे त्याच्या अंगातच यायचं. आधी भावजयीची बहीण आणि तिची माणसं वाढली. मग ऑफिसातले साहेब सहकुटुंब आले, कारण भावाच्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मग शाळेची मुलं नेणारी व्हॅन ठरली. फोनवर एक ग्रुप निघाला, 'चलो चांदणं' नावाचा. त्यात सगळे होते, बाई सोडून.

"वन्सं, तुम्हाला ती बारीक अक्षरं कुठं वाचता येणार?" भावजय म्हणाली. "मी सांगत जाईन ना."

सांगितलं मात्र काही नाही. बाईंच्या कानावर पडायचं ते एवढंच, की सँडविच कुणी आणायची, स्पीकर कुणाचा, साहेबांच्या बायकोला खुर्ची लागेल का सतरंजी चालेल. नवरीला कोणी विचारेना आणि वऱ्हाडाला जागा पुरेना! बाई तरी खुशीत होत्या. स्वेटर उन्हात टाकला. बुटांना नवीन नाड्या घातल्या.

आणि एका संध्याकाळी खिडकीतून त्यांना चंद्र दिसला. चांगला फुगलेला, पूर्ण व्हायला आलेला. त्यांनी भाचीला हाक मारली.

"काय गं, शनिवारी काय आहे?"

"पौर्णिमा की, आत्या. म्हणून तर शनिवार ठरवला बाबांनी."

बाई तडक बाहेरच्या खोलीत गेल्या. भाऊ टीव्ही बघत होता.

"अरे, पौर्णिमेला कसले तारे दिसणार? मला आभाळ बघायचंय. अंधारातलं."

"ताई, तू चांदणं म्हणालीस."

"चांदणं म्हणजे चांदण्या रे! चांदण्यांचं."

"आता घ्या! चांदणं म्हणजे चंद्राचं. सगळं जग तेच म्हणतं. मग तसं नीट सांगायचं नाही का?"

नीट सांगायचं. हे हॅलोबाईंना ऐकावं लागलं, आणि ऐकताना त्यांना कळलं की तो अगदीच खोटं बोलत नाहीये. कुणी 'ध'चा 'मा' केला नव्हता. शब्दच दुतोंडी, आणि तो त्यांच्याच तोंडून गेला होता. स्वतःचाच त्यांना संताप आला.

"मग अमावस्येला जाऊ. दोनच आठवडे."

"साहेबांना हो म्हणून बसलोय, ताई. आणि अमावस्येच्या अंधारात त्यांची बायको येईल होय वर? पुढच्या वेळी बघू."

"हे माझ्यासाठी ठरलं होतं ना?"

"तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं!" भाऊ मनापासून दुखावला. आणि त्याचं ते दुखावणं खरंच होतं, हेच तर वाईट.

शनिवारी व्हॅन वर गेली. सूर्य इकडे बुडतोय तोच समोरच्या डोंगरामागून चंद्र वर आला, परातीएवढा. सगळ्यांनी एकदम 'वा!' केलं. स्पीकर सुरू झाला, फोटो निघाले, साहेबांना खुर्ची मिळाली. थोड्या वेळाने पठार असं उजळलं की गवताची पाती मोजावीत. बाई एका दगडावर बसून मान वर करून बघत राहिल्या. वर नुसतं दुधट, धुरकट काहीतरी.

"आत्या, ती बघ एक," भाची म्हणाली. "टॉवरच्या उजवीकडे. आणि ती दुसरी, तिच्या खाली."

"कुठं?"

"अगं ती काय, ढळढळीत!"

तरण्या डोळ्यांना दोनचार मोठे तारे तेवढ्या उजेडातही दिसत होते. बाईंना दिसेनात. हो म्हटलं असतं तर प्रसंग निभावला असता. पण जन्मभर त्यांनी दुसऱ्याला मोघम बोलू दिलं नव्हतं, आता स्वतः कशाला बोलतील?

"मला एकही दिसत नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

कुणीतरी स्पीकर बंद केला. साहेबांची बायको 'अरेरे' म्हणाली. भाऊ लगबगीने आला आणि त्याने बाईंचा दंड धरला, आंधळ्याचा धरतात तसा.

"अरे, चंद्र आहे म्हणून दिसत नाही! काळोखात दिसतं मला."

"हो ताई, हो. चल, गाडीत बस."

उतारावर सगळे हळू आवाजात बोलत होते. आजारी माणूस शेजारच्या खोलीत असला की बोलतात ना, तसे.

त्या दिवसापासून घरच्यांच्या लेखी बाईंचे डोळे गेले. भावजयीने त्यांना गॅसपाशी येऊ देणं बंद केलं. विळी माळ्यावर गेली. भावजय ओरडून बोलू लागली, जणू कानही गेलेत. बाई परोपरीने सांगत, की अंगणात मला दिसलं होतं, वीज गेली तेव्हा. "आम्हाला तर चंद्र असूनही दिसलं, वन्सं," भावजय म्हणायची. गावातही बातमी पसरली. ऑफिसात साहेबांनी भावाची आस्थेने चौकशी केली, आणि पुढच्या महिन्यात बढतीही झाली म्हणतात.

अमावस्येच्या आदल्या दिवशी बाईंनी घरात कुणी नसताना व्हॅनवाल्याला फोन लावला. बटणं बोटांना पाठ होती. "उद्या दिवस मावळताना ये. पठारावर. मी एकटीच आहे." शब्द न् शब्द स्पष्ट. दोनदा वदवून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वेटर चढवून, बूट घालून पुढच्या खोलीत बसल्या. बाहेर आभाळ स्वच्छ होतं आणि अंधार दाटायला लागला होता. फाटक वाजलं. व्हॅनवाला नव्हे, भाऊ. व्हॅनवाल्याने भल्या मनाने त्याला कळवलं होतं. म्हातारं माणूस, दिसत नाही, एकटीला कसं न्यायचं?

भाऊ रागावला नाही. रागावला असता तर बाई भांडल्या असत्या. तो त्यांच्या पायाशी बसला आणि हळूच त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"ताई, कशाला गं असं करतेस? आता काय दिसणार आहे तुला तिथे?"

मग काहीतरी आठवल्यासारखा उठला, आणि ताईला नीट दिसावं म्हणून त्याने खोलीतले होते नव्हते तेवढे दिवे लावले. भगभगीत उजेडात बाईंनी डोळे बारीक केले. भाऊ जवळ वाकला होता आणि रडत होता. ते त्यांना स्वच्छ दिसलं, आणि त्या पाण्याचा त्यांना इतका राग आला, की पुसायलाही हात पुढे झाला नाही.