रिमोटने बंद केलेला एसी

बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी एसी आला तेव्हा गल्लीतली माणसं तो बघायला आली होती. बाकी सगळ्यांकडे कूलर. बाबा रिमोट दाबून ऐटीत सांगायचे, "झाला बंद!"

हिवाळ्यात एसी कोणी लावत नव्हतं, तरी बिल काही खाली येईना. वरच्या खोलीत एक सिस्टर भाड्याने राहायच्या, सेवाग्रामच्या दवाखान्यात ड्यूटी करायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे. वीज भाड्यातच धरलेली, म्हणून बाबांचा संशय थेट वर गेला.

एका दुपारी ताई ड्यूटीवर असताना बाबांनी दिव्या-पंख्यांचं एकेक बटण बंद केलं, फ्रिजची पिन काढली. एसी तर रिमोटने बंदच होता. मला मीटरपाशी उभं केलं. चकती हळूहळू फिरतच होती.

"फिरून राह्यली, बाबा!" मी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले. चोर सापडल्याचा मला कोण आनंद! ताई वर विजेची शेगडी चालू ठेवून गेल्या असणार, हे आम्ही ठरवूनच टाकलं.

संध्याकाळी बाबांनी त्यांना खोली सोडायला सांगितलं.

"काका, माझ्याकडे शेगडी नाईच. वर येऊन पाहा ना," त्या म्हणाल्या. बाबा गेले नाहीत. आठवड्याभरात ताईंनी घर बदललं, आणि वीजचोरीची बातमी त्यांच्याआधीच तिथे पोचली.

खोली रिकामी झाली, पुन्हा सगळं बंद करून पाहिलं, तरी चकती थांबेना, तेव्हा वायरमनला बोलावलं. एसीखालच्या स्टॅबिलायझरवर आईचं विरजणाचं भांडं होतं. थंडीतही तिथे दही छान लागायचं. त्याने भांडं उचलून हात लावून पाहिला.

"काकू, हे गरम काऊन हाय? रिमोटनं एसी झोपते फक्त. भिंतीवरचं बटन बंद करा लागते, नाईतर हा डबा दिवसभर करंट खाते."

महिनाभर आम्ही ते दही वाट्या पुसून खाल्लं, पण डबा गरम का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला माझीच लाज वाटली.

बाबा हट्टी, पण दुसऱ्याच दिवशी मला स्कूटरवर बसवून ताईंच्या नव्या घरी गेले. अंगणात, घरमालकाच्या आणि जमलेल्या शेजाऱ्यांच्या देखत म्हणाले, "सिस्टर, चूक माझी होती. तुम्ही काईच केलं नाई."

ताईंनी डोळे पुसले. "बसा, काका." मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू? तुले तर मी बहीण समजत होती."

"चुकलं, ताई," मी पुटपुटले.

"मोठ्यानं म्हण," त्या म्हणाल्या. "हे लोक ऐकून राह्यले."